जीपची पुढची काच त्याच कोपऱ्यातून पुन्हा तडकते? हलकी काच घेण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. जुनी महिंद्रा जीप, समोर बिजागऱ्यांवरच्या लोखंडी फ्रेममधली सपाट काच. पावसाळा ओसरून इंदूरजवळच्या चोरल, पातालपाणी, जानापावच्या बाजूच्या चकरा सुरू झाल्या की खालच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ वर चढायला लागते. दगड लागलेला नसतो. काचवाला नवी काच बसवून देतो, काही महिने बरे जातात आणि पुढच्या खडकाळ चढावर त्याच कोपऱ्यातून तीच रेघ निघते. मग कोणीतरी सांगतंच, "काढून टाक ती काच, पॉलीकार्बोनेट लाव. हलकंही होईल आणि फुटायची भानगडच नाही."

सल्ला अगदीच टाकाऊ नाही, पण घाईचा आहे. काच का तडकते हे न शोधता प्लास्टिक लावलं तर फ्रेमचा पीळ जागच्या जागी राहतो. काचेऐवजी मग बोल्टच्या भोकापासून शीट चिरते, नाहीतर बिजागरीपाशी पत्रा फाटतो. शिवाय गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर समोर प्लास्टिक चालत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आधी तडा वाचा

काच काढायच्या आधी, तडा ताजा असताना त्याच्याकडे नीट बघा. बॉलपेनचं टोक बाहेरच्या बाजूने तड्यावरून हळूहळू फिरवा. कुठेतरी टोक खळग्यात अडकलं आणि तिथून दोन-तीन फाटे फुटलेले दिसले, तर तो दगडाचा मार आहे. पुढच्या ट्रकने उडवलेली खडी, एवढंच. अशा वेळी फ्रेमच्या मागे लागू नका. खळगा नाण्याहून लहान, काठापासून लांब आणि ड्रायव्हरच्या नजरेच्या रेषेबाहेर असेल, तर रेझिन भरूनही काम भागतं.

टोक कुठेच न अडकता रबराखाली शिरलं, आणि तडा काठाला साधारण काटकोनात निघून मग वळलेला असला, तर तो काठावरून आलेला ताणाचा तडा आहे. नव्वद टक्के वाद इथेच असतो. काचवाला म्हणतो दगड लागला असेल, मालक म्हणतो काच हलक्या दर्जाची दिली. खळगाच नाही म्हटल्यावर दगडाची गोष्ट संपली.

आता तडा कुठल्या काठावरून निघाला ते बघा. खालच्या कोपऱ्यातून, बिजागरीच्या जरा वर निघाला असेल तर फ्रेम पिळते आहे. खालच्या काठाच्या मधल्या भागातून निघाला असेल तर आधी गंजाचा संशय घ्या. वरच्या कोपऱ्यातून असेल तर वर नजर टाका. हूडचे (कापडी छपराचे) पाइप किंवा नंतर बसवलेला केज (लोखंडी पाइपांचा पिंजरा) फ्रेमला ओढत असण्याची शक्यता मोठी.

उन्हाचा तडाही काठावरूनच येतो, म्हणून थोडी गफलत होते. मे महिन्यात दुपारी ट्रेलवरून येऊन, तापलेल्या काचेवर बोअरचं गार पाणी पाइपने सोडलं की काठावर जिथे आधीच टवका उडालेला असेल तिथून काच सुटते. निरोगी काठाची काच सहसा एवढ्यावर जात नाही. तेव्हा उन्हाला दोष देण्याआधी काढलेल्या काचेचा काठ तपासा. कापताना टवके उडालेत आणि कोणी घासलेले नाहीत, असं बऱ्याचदा दिसतं.

फ्रेम पिळते म्हणजे काय होतं

आपल्याकडे माळव्याच्या पठाराची कड निमाडाकडे तुटते, त्या पट्ट्यात बेसाल्टचे गोटे आणि काळी माती एकत्र मिळतात. एक चाक गोट्यावर, तिरकस समोरचं चाक खड्ड्यात, अशी गाडी दर थोड्या अंतरावर उभी राहते. जीपची चासी शिडीसारखी असते: दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. एका पायाखाली वीट ठेवलेली खाट पिळते तशी ती पिळते, आणि तिने पिळावं अशीच तिची रचना आहे. पत्ते (लीफ स्प्रिंग) घट्ट असलेल्या गाडीत तर चाकं जेवढी कमी झुलतात तेवढा पीळ चासीला जास्त सोसावा लागतो.

चासी आणि बॉडी यांच्यामध्ये रबराचे पॅड असतात, बॉडी माउंट. पीळ तिथेच जिरायला हवा. पण जुन्या जीपमध्ये हे रबर दगड झालेलं असतं किंवा गेलेलंच असतं. कोणीतरी पूर्वी त्याजागी लोखंडी वॉशर टाकून बोल्ट आवळलेला असतो. मग चासीचा पीळ थेट बॉडीत, बॉडीतून काऊलच्या, म्हणजे बॉनेट आणि काचेमधल्या, पत्र्यात, तिथून बिजागऱ्यांत, आणि बिजागऱ्यांतून काचेच्या फ्रेममध्ये. काच काही वाकत नाही. ती कोपऱ्यात रेघ काढून मोकळी होते.

हे बघायला गॅरेजची गरज नाही. गाडी सपाट जागी उभी करा. काच तर फुटलेलीच आहे, ती काढून घ्या, पण फ्रेम गाडीवरच आवळलेली ठेवा. बारीक सुतळी घ्या. एक सुतळी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत ताणा, दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही फ्रेमच्या एकाच बाजूने, त्याच कडेला चिकटून गेल्या पाहिजेत. फ्रेम एका पातळीत असेल तर मधोमध दोन्ही सुतळ्या एकमेकींना जेमतेम टेकतात. मग वरची खाली आणि खालची वर करून पुन्हा बघा. एका मांडणीत मध्ये फट दिसते आणि दुसऱ्या मांडणीत एक सुतळी दुसरीला दाबून वाकवते, तर फ्रेम पिळलेली आहे. मध्ये ३ मिमी फट म्हणजे एक कोपरा उरलेल्या तिघांच्या पातळीपासून साधारण ६ मिमी सुटलेला. एवढ्यावर कुठलीही काच टिकणार नाही, कितीही महागडी आणा.

मग कर्ण मोजा, टेपने, दोन्ही. फरक ३ मिमीच्या वर असेल तर फ्रेम चौकोन सोडून तिरकी झाली आहे. हा वेगळा दोष आहे आणि तो डेंटरकडेच सरळ होतो.

आता खरी गंमत. फ्रेम गाडीवरून उतरवा आणि सपाट फरशीवर ठेवून सुतळ्या पुन्हा लावा. फरशीवर सरळ आणि गाडीवर पिळलेली, असं निघालं तर फ्रेम निर्दोष आहे, तिला बसवलेली जागाच वाकडी आहे. दोन्हीकडे पिळलेली असेल तर फ्रेम गेली. ही एवढी तपासणी न करता लोक नवीन फ्रेम विकत आणतात आणि ती जुन्याच वाकड्या बिजागऱ्यांवर आवळतात.

शेवटची चाचणी: फ्रेम परत लावा, सुतळ्या जागेवर ठेवा आणि जॅकने पुढचं एक चाक जमिनीवरून उचला. मध्यावरची फट उघडत-मिटत असेल तर चालत्या गाडीत काचेला काय सोसावं लागतं ते समोर दिसेल. थोडी हालचाल प्रत्येक जीपमध्ये असते. पण सुतळ्या डोळ्यांदेखत एकमेकींपासून सुटत असतील तर आधी बॉडी माउंट बदला, काचेचं नंतर.

इथे आमच्या मिस्त्रींचं एक वाक्य ऐकण्यासारखं आहे. काच तडकली की गिऱ्हाईक काचवाल्यावर चिडतो, तेव्हा ते म्हणतात, "भिया, काँच बिचारी तो आखिर में टूटती है, पेले नीचे का रबर टूटता है." यांत्रिकी एवढी थोडक्यात मी अजून कुठे ऐकलेली नाही.

उपाय क्रमाने असा. माउंटचे पॅड सगळे एकदम बदला. एक नवा आणि पाच जुने असं केलं तर नवा पीळ तयार होतो. बिजागऱ्यांचे बोल्ट ढिले करून गाडी सपाट जागी असतानाच फ्रेम बसवा, फट दिसेल तिथे पातळ पत्र्याची शिम टाका, मग आवळा. बोल्टने फट ओढून मिटवायची नाही, शिम टाकून भरायची. केज किंवा हार्डटॉप फ्रेमच्या वरच्या पट्टीला वेल्ड केलेला असेल तर ते वेल्ड कापावं लागेल. वेल्डर कुरकुर करेल, मजबुती जाईल म्हणेल. केज चासीला किंवा बॉडीच्या फ्लोअरला मजबूत हवा. काचेच्या फ्रेमशी त्याचं नातं रबर बुश आणि लांबट भोकातला बोल्ट, इतकंच ठेवा.

खालच्या चॅनलमधला गंज

ज्यांच्या गाड्या पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहतात त्यांनी हा भाग सोडू नये. फ्रेमच्या खालच्या चॅनलमध्ये पाणी शिरतं आणि निचऱ्याची भोकं मातीने बुजली की तिथेच मुरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. रबराखाली तो पापुद्र्यांनी फुगत जातो आणि एके ठिकाणी काचेचा काठ वर उचलू लागतो. बाहेरून रंग बरा दिसतो, रबरावर एक हलका फुगवटा तेवढा दिसेल. काच काढल्यावर चॅनलमध्ये स्क्रू ड्रायव्हर फिरवा. पापुद्रे निघाले तर सगळं खरवडून, धातू दिसेपर्यंत घासून प्रायमर मारा, आणि निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. पापुद्र्यांवरच रंग मारून नवी काच बसवली तर पुढच्या पावसाळ्यानंतर हीच पोस्ट पुन्हा उघडावी लागेल.

हलकं म्हणजे किती हलकं?

फ्रेम सरळ झाली. आता हलकेपणाचा हिशेब करू, कारण बहुतेकांच्या डोक्यात तो फुगलेला असतो.

काचेची घनता साधारण २.५, म्हणजे एक चौरस मीटर काच प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. पॉलीकार्बोनेट आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही १.२ च्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी. जीपच्या काचेचं क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरा. तुमचं मोजून घाला. दोन्ही थर ३ मिमीचे असलेली जाड लॅमिनेटेड काच आठ किलोच्या घरात जाते. दोन-दोन मिमीचे थर आणि मध्ये ०.७६ मिमीचा पीव्हीबी (दोन्ही काचा धरून ठेवणारा प्लास्टिकचा थर), अशी पातळ लॅमिनेटेड साडेपाच किलोच्या आत. साडेचार मिमीचं पॉलीकार्बोनेट पावणेतीन किलो.

म्हणजे जाड काचेवरून पातळ लॅमिनेटेडवर आलात तर अडीच किलो वाचतात. तिथून पुढे प्लास्टिकवर गेलात तर आणखी जेमतेम तेवढेच. टनाहून जड गाडीत इंजिनला याची खबरही लागणार नाही. मायलेज वाढेल, चढावर जोर येईल, असं कोणी विकताना सांगत असेल तर हसून सोडून द्या. मागे पडलेला फावडा, साखळी आणि अर्धी भरलेली पाण्याची कॅन यांचं वजन त्याहून जास्त असतं.

मग हलकेपणाचा उपयोग कुठे? जिथे काच फ्रेमसकट पुढे बॉनेटवर आडवी पाडायची असते तिथे. फ्रेम बॉनेटवर पाडताना आणि उचलताना सगळा भार दोन बिजागऱ्यांवर येतो, आणि धक्क्यांत त्याच भाराने बिजागऱ्यांची भोकं मोठी होतात. शिवाय हे वजन गाडीच्या वरच्या भागात असतं. तिरक्या उतारावर वरचं वजन कमी असलेलं केव्हाही बरं. पण खरं वजन लोखंडी फ्रेममध्ये आहे, काचेत नाही. गंजलेल्या फ्रेमवर पूर्वीच्या मालकांनी पट्ट्यांवर पट्ट्या वेल्ड केल्या असतील तर त्या काढून एक सरळ फ्रेम बसवण्याने जेवढं हलकं होईल तेवढं काच बदलून होणार नाही.

रस्त्यावर काय चालतं

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० इथे लागू होतो. समोरची काच लॅमिनेटेड सुरक्षा काच हवी, आणि समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. बाजूच्या काचांना ५० टक्के. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली ती याच नियमावर बोट ठेवून. गंमत म्हणजे त्याच नियमात हूड आणि बाजूचे पडदे असलेल्या गाड्यांना खिडक्यांसाठी अ‍ॅक्रिलिक किंवा पारदर्शक प्लास्टिकची सवलत आहे. म्हणून आपल्या जीपच्या बाजूच्या पडद्यांतलं प्लास्टिक बिनघोर चालतं आणि समोर तेच लावलं की नियम मोडतो. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि "माझ्या पडद्याला तर कोणी काही म्हटलं नाही" असा युक्तिवाद चौकात करतात.

लॅमिनेटेडचा आग्रह फक्त कागदी नाही. मधला पीव्हीबीचा थर फुटलेले तुकडे धरून ठेवतो, आणि फुटल्यावरही समोरचं दिसत राहतं. टफन्ड काच मजबूत असते, पण गेली की अख्खी एकदम खडीसाखरेएवढ्या तुकड्यांत जाते. बाजूला ठीक, समोर नको. विकत घेताना काचेच्या कोपऱ्यातली खूण वाचा: आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा क्रमांक. घराच्या खिडक्यांसाठी येणारी लॅमिनेटेड शीट दिसायला तशीच असते, तिच्यावर ही खूण नसते.

२०२० नंतरच्या थारसारख्या गाड्यांत काच चिकटवलेली असते आणि बॉडीच्या ताकदीत तिचा वाटा असतो. तिथे हलका पर्याय शोधायच्या फंदात पडू नका. कंपनीची काच, कंपनीच्या पद्धतीने.

मग पॉलीकार्बोनेट कोणासाठी?

जी गाडी ट्रेलरवर चढून मैदानापर्यंत जाते आणि ट्रेलरवरच परत येते, तिच्यासाठी. किंवा ज्याला दोन फ्रेम ठेवायची ऐपत आणि जागा आहे त्याच्यासाठी: रस्त्याला काचेची, शेतात आणि खासगी ट्रॅकवर प्लास्टिकची. इंदूरच्या सुदामानगरातल्या दोन खोल्यांत जीपची जादा फ्रेम कुठे ठेवायची, हा प्रश्न तुमच्या घरच्यांना विचारा.

शीट घेताना पहिली फसवणूक ओळखीची. सियागंज-रानीपुरा बाजारात "अनब्रेकेबल" म्हणून जी शीट पुढे केली जाते ती बरेचदा अ‍ॅक्रिलिक असते, म्हणजे साइनबोर्डवाले वापरतात ती. अ‍ॅक्रिलिक उन्हात चांगलं टिकतं, पण मार बसला की धारदार तुकडे होतात. चेहऱ्यासमोर ते नको. दुकानदाराकडून अंगठ्याएवढी कातरण मागा. वाकवा: अ‍ॅक्रिलिक कट्कन मोडतं, पॉलीकार्बोनेट दुमडतं. जाळून बघायची तयारी असेल तर दुकानाबाहेर, चिमट्यात धरून: अ‍ॅक्रिलिक तडतडत जळत राहतं आणि फळासारखा गोडसर वास येतो, पॉलीकार्बोनेट काजळी सोडतं आणि ज्योत हटवली की विझतं. ड्रिल मारताना पॉलीकार्बोनेटची लांब, वळलेली साल निघते, अ‍ॅक्रिलिकचा चुरा पडतो.

दुसरं, हार्ड कोट. साधं पॉलीकार्बोनेट मजबूत असलं तरी पृष्ठभाग मऊ असतो. आपल्या धुळीवर वायपर एकदा फिरला की कमानीच्या आकाराचे ओरखडे कायमचे, आणि संध्याकाळी समोरून येणाऱ्या हेडलाइटमध्ये ते सगळे चमकतात. दोन्ही बाजूंनी ओरखडारोधक कोट आणि अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली शीट घ्या. छपरासाठी येणारी नको. छपराची शीट आरपार बघायला बनवलेलीच नसते, त्यातून समोरचा खड्डा सरकलेला दिसतो.

जाडी ठरवताना मजबुती आणि ताठपणा यांत गोंधळ करू नका. पॉलीकार्बोनेट फुटत नाही, पण काचेच्या मानाने ते साधारण तीसपट लवचीक आहे. पाच मिमी काचेइतका ताठपणा हवा असेल तर पंधरा मिमीच्या आसपास शीट लागेल, म्हणजे हलकेपणा गेला. म्हणून चार-पाच मिमीची शीट घ्यायची आणि चारही बाजूंनी फ्रेममध्ये धरायची. नुसती वरखाली दोन पट्ट्यांत धरली तर वेगात मधला भाग आतबाहेर ढबढब करतो आणि त्याच हालचालीने भोकं चिरतात.

भोकं हा या कामाचा गाभा आहे. तापमानाने पॉलीकार्बोनेट लोखंडाच्या पाच-सहा पट पसरतं. सव्वा मीटर रुंदीची शीट पौषातल्या सकाळपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत, चाळीस अंशांचा फरक धरला तर, साडेतीन मिमीच्या आसपास वाढते. तिची लोखंडी फ्रेम वाढते अर्ध्या मिमीहून जराशी जास्त. मधली तफावत कुठेतरी जायला हवी. म्हणून ६ मिमीच्या बोल्टला ६ मिमीचं भोक करायचं नाही, नऊ-दहा मिमीचं करायचं. त्यात रबराची नळी, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, वॉशरखाली रबर. भोक शीटच्या काठापासून त्याच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत. ड्रिल धारदार, वेग कमी, खाली लाकूड. बोल्ट शीट हाताने किंचित सरकेल इतकाच आवळा. हे मिस्त्रीला पटवणं सगळ्यात अवघड; त्याच्या लेखी ढिला बोल्ट म्हणजे अर्धवट काम. म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) वापरा, म्हणजे न आवळताही तो सुटत नाही.

थ्रेड लॉक करायचं द्रव मात्र लावू नका. पॉलीकार्बोनेटला रसायनांचं वावडं आहे. थ्रेडलॉकर, थिनर, पेट्रोल, ब्रेक ऑइल, अमोनियाचा काच-क्लीनर, यांतलं काहीही ताण असलेल्या जागी लागलं की बारीक जाळीसारख्या चिरा पडतात. डास पळवायच्या काही मलमांत डीईईटी हे रसायन असतं, तेही याच यादीत. पावसाळी ट्रेलवर असं मलम चोपडलेल्या हाताने शीट धरून बघा, बोटांचे ठसे धुऊन जात नाहीत. सीलंट लावायचंच तर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं नको.

साफ करताना आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या. मग साबणाचं पाणी आणि मऊ मायक्रोफायबर. कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय जीपवाल्यांत फार खोल आहे. सीटखालचं ते तेलकट फडकं ट्रेलला निघण्याआधीच काढून घ्या.

लॅमिनेटेड बसवताना

सपाट काच असल्याने कुठलाही चांगला काचवाला ती कापून देतो: दोन्ही बाजूंनी रेघ ओढून मोडतो आणि मधला पीव्हीबी ब्लेडने कापतो. पुठ्ठ्याचा साचा घेऊन जा, जुनी तडकलेली काच माप म्हणून देऊ नका. ती वाकड्या फ्रेमला घासून घासून बसवलेली असू शकते. माप चॅनलच्या तळापासून सगळीकडे ३ मिमी आत. कापल्यावर कोपरे थोडे गोल आणि काठ बारीक दगडावर घासलेला हवा. समोर उभं राहून घासून घ्या आणि नख काठावरून फिरवून बघा. नख अडकलं तिथेच पुढचा तडा वाट बघतोय.

काचेच्या खालच्या काठाखाली, रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर, रबराचे दोन ठोकळे ठेवा, म्हणजे काच लोखंडावर टेकत नाही. रबर बीडिंग नवीनच घ्या. जुनं कडक झालेलं रबर साबणाच्या पाण्याने मऊ वाटतं ते तेवढ्यापुरतंच. बसवायची पद्धत दोरीची: बीडिंग काचेला चढवायचं, त्याच्या दुसऱ्या खाचेत सुतळी भरायची, दोन्ही टोकं खालच्या मध्यावर बाहेर. साबणाचं पाणी लावून काच फ्रेमला लावायची. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून सुतळी हळूहळू ओढायची; सुतळी निघत जाते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर चढत जाते. कुठे अडली तर सुतळी थोडी परत घाला. स्क्रू ड्रायव्हरने कड उचलणाऱ्याला तिथेच थांबवा.

पहिल्या खडबडीत चकरेनंतर बिजागऱ्यांचे बोल्ट आणि चारही कोपऱ्यांचं रबर बघून घ्या. रबर एका कोपऱ्यात दबलेलं आणि समोरच्या कोपऱ्यात सुटलेलं दिसलं तर सुतळ्या पुन्हा काढा, शिम कुठेतरी कमी पडली आहे.

ट्रेलवरच तडा गेला तर काच काढायची नाही. लॅमिनेटेड आहे, ती जागा सोडणार नाही. बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी तड्यावर लावा म्हणजे पाणी आणि धूळ पीव्हीबीपर्यंत जात नाही, एसी किंवा हीटर असेल तर त्याचा झोत काचेवरून वळवा, वेग कमी ठेवा आणि एकेक चाक उचललं जाईल अशी वाट टाळून महूच्या रस्त्याला लागा. घरी आल्यावर तड्याचा, काठापासून सुरुवात दिसेल असा, फोटो काढून ठेवा. काचवाल्याकडे त्याचा उपयोग होतो.